गिऱ्हाईक राजी, मग काजी कशाला?

आमच्याकडच्या इतिहासाच्या शिक्षकाला स्मरणिकेसाठी लेख मागितला की तो वत्सगुल्म नगरी आणि वाकाटक घराणे यांविषयी लिहून मोकळा होतो. मीही दोन वेळा तेच केले आहे. वाशीमला तो मान आहेच, आणि पुढेही कोणी ना कोणी त्यावर लिहीत राहील. या खेपेस मात्र मी निराळा विषय हाती घेतला आहे. त्याला कारण झाला वर्गात विचारला गेलेला एक प्रश्न.

तास चीनच्या इतिहासाचा होता. इंग्रजांनी हिंदुस्थानातील अफू चीनमध्ये खपविली, चीनच्या बादशहाने ती अडविली, त्यावरून १८३९ ते १८४२ पर्यंत युद्ध झाले, एवढे सांगून मी फळ्याकडे वळलो, तोच मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, पण घेणारे चिनी राजी होतेच की! कोणी त्यांच्या तोंडात कोंबली नव्हती. मियाँ-बीवी राजी, तो क्या करेगा काजी?" वर्ग हसला. मीही हसलो. अफू हा घातक पदार्थ आहे, असे काहीतरी उत्तर देऊन मी पुढे गेलो. घरी पोहोचेपर्यंत मला उमगले होते की ते उत्तर नव्हतेच. अफू चांगली की वाईट हे त्याने विचारलेच नव्हते. त्याने विचारले होते ते विकणाऱ्याविषयी.

हा प्रश्न मला झोंबण्यास आणखी एक कारण होते, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. माझ्या अब्बांचे लहानसे किराणा दुकान आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली तेव्हा मी बी. एड. च्या प्रवेशाच्या खटपटीत होतो. बंदीनंतरही आमच्या दुकानात गुटखा होता. फरक एवढाच की समोर टांगलेल्या माळा उतरून त्या तांदळाच्या पोत्यामागे गेल्या आणि पुडीचा भाव वाढला. माझ्या बी. एड. च्या फीमध्ये त्या पुड्यांचा पैसा होता. कोणी टोकले तर अब्बाही त्या मुलासारखेच म्हणत, "मी कोणाला बोलवायला जातो काय? मागतात म्हणून देतो." तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहितो आहे, असे वाचकांनी कृपया समजू नये.

आता त्या अफूची हकीकत जरा नीट पाहू. चीनमध्ये ओढण्यासाठी अफू विकण्यास १७२९ सालीच बादशाही मनाई झाली होती, आणि अठरावे शतक संपता संपता ती बाहेरून आणण्यासही बंदी झाली. म्हणजे हा व्यापार भरभराटीस आला तो सारा काळ हा माल त्या देशात निषिद्धच होता. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता आणि त्याच्या बदल्यात चांदी मोजावी लागत होती. चांदीऐवजी देण्याजोगा, चिनी माणूस हटकून घेईल असा एकच माल त्यांना सापडला. ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल-बिहारातील अफूचा मक्ता आपल्याकडे ठेवला, पण कंपनी मोठी सावध! चहाचा व्यापार धोक्यात येऊ नये म्हणून ती स्वतःच्या जहाजांतून अफू चीनला नेत नसे. कलकत्त्यास पेट्यांचा जाहीर लिलाव करावयाचा, पैसे मोजून घ्यावयाचे, आणि पुढे माल कोठे गेला ते खरेदीदार जाणे, असा तिचा खाक्या होता.

पश्चिमेकडे मामला वेगळा होता. माळव्यातील अफू शिंदे-होळकरांच्या मुलखात पिके, तेथे कंपनीचा मक्ता चालेना. तो माल आडवाटांनी पोर्तुगीजांच्या दमणपर्यंत आणि तेथून चीनकडे जाऊ लागला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने दर पेटीमागे परवान्याचे शुल्क घेऊन तो मुंबईमार्गे जाऊ देण्याचे ठरविले. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची आडवाटही बंद झाली, आणि ते शुल्क १८४७ पर्यंत पेटीमागे ४०० रुपयांवर चढले. एका पेटीत सुमारे ६० किलो अफू असे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या उत्पन्नात जमीनसाऱ्याच्या खालोखाल ज्या मोठ्या बाबी होत्या त्यांत दोन नावे ठळक आहेत, अफू आणि मीठ. मिठाकडे आपल्याला पुढे यावयाचे आहे.

या व्यापाराने मुंबईचे रूप पालटले. जमशेटजी जिजीभाई यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. १७८३ चा जन्म, लहान वयात आईबाप गेलेले, १७९९ मध्ये चीनची पहिली सफर. १८०५ च्या सफरीत त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण डॉक्टर होता. संकटात झालेली ती ओळख पुढे जन्मभराची ठरली, कारण हा जार्डिन वैद्यकी सोडून व्यापारात शिरला आणि १८३२ मध्ये त्याने मॅथेसनबरोबर जी पेढी काढली ती चीनमधील अफूच्या व्यापारातील सर्वांत मोठ्या पेढ्यांपैकी एक झाली. मुंबईत जमशेटजींचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान, आणि रोजेरियो द फारिया हे मूळचे गोमंतकीय ख्रिस्ती. चार धर्मांची माणसे एका व्यवहारात सुखाने नांदत होती. राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणे देणाऱ्यांना हे उदाहरण कसे सुचत नाही, कोण जाणे!

पेटीचा प्रवास पाहण्यासारखा आहे. माळव्यातील शेतकऱ्याने चीक सावकाराला विकला, सावकाराने मुंबईच्या व्यापाऱ्याला, त्याने तो जहाजावर चढविला. कँटनच्या अलीकडे नदीच्या मुखाशी लिंटिन नावाचे एक बेट आहे. तेथे नांगरलेल्या मोठ्या गलबतांवर माल उतरे आणि चांदी मोजली जाई. तेथून पुढे वल्ह्यांच्या वेगवान चिनी नावा रात्रीतून तो किनाऱ्याला लावीत आणि वाटेतील अंमलदारांचे हात ओले होत. या साखळीत प्रत्येकाला पुढचे गिऱ्हाईक राजीखुशीने भेटले. आणि प्रत्येकाने, मी तर फक्त पुढच्याला दिली, असे म्हटले असते तर ते खोटे ठरले नसते. मुंबईच्या शेटजींना अफूबाज माणसाचे तोंड कधी पाहावे लागत नव्हते. ओढणारा माणूस आणि शेट यांच्यामध्ये सात समुद्र नसले तरी सात हात होते.

१८३९ मध्ये बादशहाने लिन झेश्यू या करड्या अधिकाऱ्यास कँटनला पाठविले. त्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून २०,००० हून अधिक पेट्या ताब्यात घेतल्या आणि हूमेन येथे खड्डे खणून, मीठ व चुना घालून, तो सारा माल नष्ट केला. त्यात मुंबईकरांचाही माल होता. याच लिनने इंग्लंडच्या राणीला उद्देशून एक पत्र लिहिले. तुमच्या स्वतःच्या देशात जी वस्तू तुम्ही चालू देत नाही ती आमच्याकडे का पाठविता, असा त्याचा आशय होता. लिनची माहिती चुकीची होती. त्या काळी इंग्लंडात अफूचा अर्क औषधाच्या दुकानात सहज मिळत असे आणि आया तो रडणाऱ्या मुलांनाही देत. पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. जी वस्तू स्वतःच्या घरात आलेली मला सोसणार नाही, ती मी दुसऱ्याच्या दारात ठेवावी काय? वर्गातल्या त्या मुलाला हे उत्तर देता आले असते, ते त्या वेळी सुचले नाही.

युद्ध झाले. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग गेले, पाच बंदरे उघडली गेली, दोन कोटी दहा लाख डॉलर भरावे लागले, आणि त्यांपैकी साठ लाख नष्ट केलेल्या अफूची भरपाई म्हणून. तरीही त्या तहात अफूला मुभा दिल्याचे कलम नव्हते. माल निषिद्धच राहिला आणि विकलाही जात राहिला. कायद्याने तो खुला झाला तो १८५८ मध्ये, दुसऱ्या युद्धाच्या धामधुमीत.

राजीपणाचे काय, हे येथे विचारणे भाग आहे. पहिली चिलीम हौसेने ओढली असेल. शंभरावी? अफू अशी वस्तू आहे की ती गिऱ्हाइकाचा राजीपणाच विकत घेते, आणि एकदा तो हाती आला की पुढच्या सौद्यांना त्याला विचारावेच लागत नाही. शिवाय सौदा दोघांचा असला तरी त्याची झळ त्या दोघांपुरती राहत नाही. ज्या बाईच्या घरातील धान्य चिलमीत गेले तिला कोणत्या व्यापाऱ्याने, बाई, तू राजी आहेस का, असे विचारले होते? आपल्या फिकहमध्ये दारूच्या बाबतीत पिणाऱ्याबरोबर विकणारा आणि वाहून नेणारा यांनाही दोषी धरले आहे. लहानपणी हे मला फार कडक वाटे. वाहून नेणाऱ्या बिचाऱ्या हमालाने काय केले, असे वाटे. लिंटिन बेटावरील त्या नावांविषयी वाचल्यावर त्यातील विचार ध्यानी आला. साखळीतील प्रत्येक जण स्वतःला हमालच समजत असतो.

आता जरा नाजूक गोष्ट. जमशेटजींच्या दानाने मुंबईत रुग्णालय उभे राहिले, ते १८४५ मध्ये सुरू झाले. चित्रकलेच्या शाळेसाठी त्यांनी एक लाख रुपये दिले, ती १८५७ मध्ये निघाली. त्यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिल्यामुळे माहीमचा पूल झाला, आणि खाडीत नावा बुडून लोक मरत ते थांबले. आजही विदर्भातील गरीब रुग्ण जे. जे. ला जातो तेव्हा त्या पायऱ्या कोणत्या पैशाने बांधल्या याचा विचार त्याने करावा, असे मी म्हणणार नाही. पण इतिहासाच्या शिक्षकाने करावयास हवा. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत बद्रुद्दीन तय्यबजी आणि कमरुद्दीन तय्यबजी या बंधूंबरोबर रोगे घराण्यातील नाखुदा महंमद अली रोगे हेही होते. मुसलमान मुलांच्या आधुनिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते, आणि ती योग्यच आहे. पण त्या घराण्याची ऐपत ज्या सागरी व्यापारातून आली त्यात आधीच्या पिढीची अफूही होती. आपण सारे, वर्गण्या आणि देणग्या यांवर चालणाऱ्या शाळांत शिकलेले आणि शिकविणारे, या प्रश्नापासून फार दूर उभे नाही. पावतीपुस्तक घेऊन फिरताना देणगीदाराला, पैसा कोठून आला, असे आम्ही विचारत नाही. मी तर कधीच विचारलेले नाही. विचारण्याचा अधिकार मला आहे का, हेही एकदा वर सांगून झाले आहे.

त्या काळी सारेच तसे वागत होते, असे म्हणून सुटता येत नाही, कारण एक माणूस वेगळा वागला. तो माणूस आमच्याच पेशातला. दादाभाई नौरोजी हे एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. ती जागा सोडून ते १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. पेढीच्या व्यवहारात अफू आणि दारू होती. त्या नफ्यातला वाटा दादाभाईंना घेववेना, आणि तीन वर्षांत ते भागीदारीतून बाहेर पडले. मग त्यांनी कापसाच्या व्यापाराची स्वतःची पेढी काढली. कामा मंडळी त्यांच्याच समाजाची, ओळखीची, चांगली माणसे होती, आणि तो व्यापार इंग्लंडच्या कायद्याने पूर्ण रीतसर होता. तरीही.

येथवर लिहून झाल्यावर मला वाटले, झाले, उत्तर सापडले : निषिद्ध माल विकू नये. पण मग मिठाचे काय करावयाचे?

१८८२ च्या कायद्याने सरकारी कराशिवाय मीठ तयार करणे आणि विकणे हा गुन्हा होता. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला तो मोडला. आमचा वऱ्हाड समुद्रापासून शेकडो मैल दूर, पण पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तेथील विहिरींचे पाणी तोंडी धरवत नाही. त्याच महिन्यात अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे ब्रिजलाल बियाणी व इतर सत्याग्रहींनी अशा विहिरीच्या पाण्यापासून मीठ तयार केले. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते, १९९८ मध्ये आपला जिल्हा वेगळा झाला. मुंबईत कमलादेवी चट्टोपाध्याय मिठाच्या पुड्या घेऊन शेअर बाजारात विकावयास गेल्या. बद्रुद्दीन तय्यबजींचे पुतणे अब्बास तय्यबजी, बडोद्याचे निवृत्त न्यायाधीश, वयाच्या ७६ व्या वर्षी धारासणाच्या सत्याग्रहाचे नेतृत्व करावयास निघाले आणि मे महिन्यात पकडले गेले. जन्मभर कायदा चालविलेला माणूस निषिद्ध मिठासाठी तुरुंगात गेला! माल निषिद्ध, गिऱ्हाईक राजी, सारे काही अफूसारखेच. तरी या दोन विक्रेत्यांना कोणी एका पंक्तीला बसवील काय?

मीठ निरुपद्रवी आणि अफू विषारी, हा फरक उघडच आहे. पण मला दुसरा फरक अधिक महत्त्वाचा वाटतो. मीठ विकणारा भर दिवसा, स्वतःच्या नावाने, पोलिसांच्या समोर विकत होता, आणि त्याचे जे परिणाम होतील ते घेणाऱ्याच्या आधी आपल्या अंगावर घेत होता. कायदा चुकीचा आहे असे तो म्हणत होता, आणि ते म्हणण्याची किंमतही मोजत होता. अफू विकणाऱ्याला चीनचा कायदा बदलावा असे मनातून वाटत होते की नाही देव जाणे. बंदीमुळे चढलेला भाव मात्र त्याला हवा होता. बंदी हाच त्याच्या नफ्याचा एक भाग होता. आमच्या दुकानातील पुडीचा भावही पोत्यामागे गेल्यावरच वाढला, हे मी विसरलेलो नाही.

आता आपल्या शिवाराकडे या. कारंजा, मानोरा, मंगरुळपीर या भागांत आजही कपाशी आहे. बोंडअळीला दाद न देणाऱ्या बीटी कपाशीला सरकारने मार्च २००२ मध्ये मंजुरी दिली. पुढे तणनाशक सोसणारे वाण आले, त्याच्या मंजुरीसाठी केलेला अर्ज कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला, पण बियाणे मात्र शेतात पोहोचले. आपल्याकडे त्याला चोर बीटी म्हणतात. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, मृगानंतर झड लागली की गवत कपाशीच्या डोक्यावर जाते. अशा वेळी शेतकरी हे बियाणे शोधत येतो, त्याच्या गळ्यात ते कोणी बांधत नाही. हा राजीपणा अफूबाजाचा नव्हे, हिशेब करून आलेल्या माणसाचा आहे.

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी हे बियाणे जाहीरपणे, बोलावून, दाखवून पेरले. पर्यावरण कायद्याखाली त्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. त्यांचे म्हणणे पटो वा न पटो (माझी स्वतःची मान अर्धीच हलते, कारण तणनाशक शेजारच्या बांधाने थांबत नाही, आणि निंदणाच्या मजुरीवर जगणाऱ्या बायांना या सौद्यात कोणी विचारलेले नाही), पण त्यांनी केले ते दहीहांड्याच्या वाटेने केले, हे मान्य करावे लागते. त्याच हंगामात तेच बियाणे रात्री मोटारसायकलवरून, बिलाशिवाय, लेबल नसलेल्या थैलीत गावोगाव विकले जात होते. बी एकच, विक्री दोन तऱ्हेची. थैलीतले बी उगवले नाही तर शेतकऱ्याने जावयाचे कोठे? बिल नाही म्हणून तालुक्याच्या तक्रार समितीकडे जाता येत नाही. बोभाटा केला तर आपणच गुन्ह्यात सापडू, ही भीती. पुढच्या वर्षी तोच विक्रेता पुन्हा येतो, आणि शेतकरी पुन्हा राजी असतो. खोट असलेला माल खोट न सांगता विकू नये, असे आपल्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे. लेबल नसलेल्या थैलीत खोट आहे की नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. ठाऊक करून घेण्याची त्याला गरजही नसते.

पुढच्या तासाला मी त्या मुलाला उभे केले आणि लिनच्या पत्राविषयी व दहीहांड्याच्या मिठाविषयी सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हणजे सर, बिल देऊन उघड विकले तर चालेल?" त्याच्या वडिलांची दोन एकर कपाशी आहे, हे मला नंतर कळले. मी त्याला म्हटले, बिल दिल्याने अफूचे मीठ होत नाही, पण बिल द्यावयाला विकणारा का घाबरतो, ते आधी शोध. हे उत्तर त्याला पुरले नसावे. मलाही पुरलेले नाही.

त्या रविवारी दुकानात बसलो असता अब्बांना मी त्याचाच प्रश्न विचारला. गुटखा त्यांनी दोन-तीन वर्षांत बंद केला होता, त्याविषयी आमच्यात कधी बोलणे झाले नव्हते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शाळेच्या गणवेशातल्या पोराला मी एक पुडीसुद्धा दिली नाही. कितीही मागू दे." हे खरे आहे, मी स्वतः पाहिले आहे. पैसे हातात घेऊन आलेल्या पोरांना ते हाकलून देत. मी म्हटले, "अब्बा, तोच पोरगा घरी जाऊन गणवेश बदलून आला असता तर?" इतक्यात गिऱ्हाईक आले, आणि अब्बा त्याला पाव किलो साखर बांधून देऊ लागले.